ओढ्यातला कूड

त्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ धड पडलाच नाही. मे सरत आला तेव्हा जिथं दरवर्षी माथे पांढरे असायचे तिथं काळे दगड उघडे पडले होते, आणि टिनकप ओढा जूनमध्येच ऑगस्टसारखा बारीक झाला होता. एल्डन क्विम्बी रोज सकाळी पाण्यात उतरायचा, आणि पाणी पोटरीला कुठवर लागतं यावरून त्याला दिवस कसा जाणार ते कळायचं. आज ते कालच्यापेक्षा खाली लागलं.

"वाळुंज दे," तो म्हणाला.

त्याच्या बायकोनं, नोरीननं, काठावरच्या भाऱ्यातून एक लांब हिरवी फांदी उपसली आणि त्याच्याकडे सरकवली. पाण्यात आडव्या ओळीनं खुंट ठोकलेले होते. एल्डननं फांदीचं बूड पहिल्या खुंटामागं दाबलं, दुसऱ्याच्या पुढून काढलं, तिसऱ्याच्या मागून. कूड विणतात तसं. खालून नोरीननं दगड रचले, त्यावर गवताची मुळासकट ढेकळं दाबली, वर चिखल थापला. पाणी क्षणभर बावचळल्यासारखं थांबलं, मग कुडाच्या फटींतून झिरपत पुढं निघालं. पण मागं ते चढत होतं. पसरत होतं.

एकेकाळी हे काम बीव्हर करायचे, झाडं कुरतडून ओढ्यात बांध घालणारे केसाळ प्राणी. त्यांची कातडी टोप्यांसाठी गेली आणि ओढा एखाद्या गटारासारखा खोल कापलेला, सरळ आणि उथळ पाण्याचा होऊन बसला. सॅमन माशांची पिलं अंड्यातून निघाली की वर्षभर अशाच लहान ओढ्यात राहतात, मग समुद्राला जातात. त्यांना थंड पाणी लागतं आणि दडायला जागा लागते. दोन्ही नसलं की ती उन्हाळ्यात मरतात. खाली मोठ्या नदीवर एल्डनच्या मूळनिवासी जमातीचं मासेमारी खातं होतं, त्या खात्यानं त्याला आणि नोरीनला हे बांधाचं काम दिलं होतं. वर एक बांध, मधे एक, आणि खाली झऱ्यापाशी एक.

दोघंही पन्नाशी ओलांडलेली. एल्डननं उमेदीची वर्षं लाकूडतोडीत घालवली होती, आणि त्याचा उजवा खांदा तिथंच राहून गेला होता. खुंट ठोकायला दोन मुठींचा जड लोखंडी नळा होता, एका तोंडानं बंद. तो खुंटावर उलटा घालायचा, डोक्यापर्यंत उचलायचा आणि आपटायचा. प्रत्येक आपटीला एल्डनचं तोंड वाकडं व्हायचं. नोरीन ते बघायची आणि बोलायची नाही, कारण बोललं की तो आणखी जोरानं आपटायचा.

"तुझे खुंट वाकडे आहेत, एल्डन!" काठावरून आवाज आला.

थेल्मा स्ट्राउड. हे सगळं कुरण, गोठे, ओढ्याचे दोन्ही काठ तिचे. ऐंशी पार केलेली, पाठीतून वाकलेली, नवऱ्याची जुनी टोपी डोक्यावर. रोज काठी टेकत यायची आणि पालथ्या बादलीवर बसून यांचं काम बघायची.

"पाण्याला सरळ खुंट मानवत नाहीत, मिसेस स्ट्राउड."

"माझा नवरा म्हणायचा, तुमच्या लोकांना कुंपण घालता येत नाही."

"येत नाही कसं?" नोरीन चिखल थापता थापता म्हणाली. "कधी गरजच पडली नव्हती."

म्हातारी खो खो हसली. हसताना तिला खोकला लागला. "बरं आहे. बरं आहे. बेडूक आलेत काल. ऐकलेत का? माझ्या लग्नानंतर एवढे बेडूक मी ऐकले नव्हते."

बाई मनानं वाईट नव्हती. पण फाटकाची किल्ली रोज सकाळी तिच्या मागच्या दारातून मागून घ्यावी लागायची आणि संध्याकाळी तिथंच परत करावी लागायची. एल्डनच्या आजीचं घर झऱ्याच्या वरच्या अंगाला होतं. त्याच्या चुलीचे दगड अजून गवतात सापडायचे. थेल्माला ते ठाऊक होतं, एल्डनला ठाऊक होतं, आणि किल्ली मागताना दोघंही हवेपाण्याचं बोलायची.

"पाटाचं तेवढं लक्षात आहे ना?" एल्डननं विचारलं. ओढ्याचं अर्धं पाणी वरच्या पाटानं कुरणात जायचं.

"पहिली कापणी झाली की दार पाडून पाट बंद करते म्हटलंय ना मी? गुरं राहिलीत किती? मला आता एवढं गवत घेऊन काय करायचंय! बोलले म्हणजे बोलले."

जुलैच्या सुरुवातीला तिन्ही बांध भरले. वरच्या बांधामागं चांगलं तळं साचलं. नोरीन पोटावर पालथी पडून पाण्यात बघायची. बोटाएवढी पिलं, अंगावर काळसर पट्टे, पंखांना नारिंगी कड, प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी थरथरत उभी. वाळुंजाच्या फांद्यांखाली तर त्यांची दाटी झाली होती. नोरीनचा भाऊ वेस लाकडाचा ट्रक चालवायचा. तो एकदा वाटेत थांबला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"माशांना घर बांधून देतोयस, भावजी. तुझ्या स्वतःच्या छपराला गळती आहे ती?"

"मासे तुझ्यासारखे टोमणे मारत नाहीत," एल्डन म्हणाला.

"मोठे होऊन ताटात येऊ देत, मग मारतील."

पण जाताना वेसही बराच वेळ पाण्यात बघत बसला.

कापणी झाली त्याच आठवड्यात थेल्मा स्वयंपाकघरात पडली. अर्धं अंग गेलं. तिला तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं, आणि शहरातून तिचा मुलगा रसेल आला. एल्डन आणि तो एकाच शाळेत होते, पण रसेल शाळा संपताच जो गेला तो नाताळापुरताच दिसायचा. पाटाचं दार उघडंच राहिलं. एल्डन दोनदा घरी जाऊन आला. दोन्ही वेळा रसेल फोनवर बोलत होता आणि त्यानं हातानंच 'नंतर' अशी खूण केली.

तिसऱ्यांदा रसेलच ओढ्यावर आला. गुडघ्यापर्यंत चिखल माखलेला, चेहरा लालबुंद.

"तुम्ही काय करून ठेवलंय इथं? कुरणाच्या खालच्या कोपऱ्यात, या तळ्यालगत, उरलेलं गवत कापताना यंत्र रुतलंय. आसापर्यंत! ती जमीन माझ्या बापाच्या वेळेपासून कोरडी होती."

"बांधामुळं तिथं ओल चढली," एल्डन म्हणाला. "तुझ्या आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, तेवढा कोपरा सोडून दे."

"माझ्या आईला आज चमचा धरता येत नाही."

"वाईट झालं. पण ती बोलली होती. पाटाबद्दलही..."

"माझ्यापाशी बोलली नव्हती." रसेलनं खालच्या बांधांकडे नजर टाकली. तो रागावलेला होता, पण त्याहून जास्त दमलेला होता. रात्रभर खुर्चीत बसून काढलेल्या माणसासारखे त्याचे डोळे तांबारले होते. "हे बघ, मला हे सगळं निस्तरायचंय आणि परत जायचंय. खालचे दोन राहू देत. हा वरचा काढ. शनिवारपर्यंत काढला नाहीस तर मी खोदाईचं यंत्र आणतो, आणि यंत्रवाला काय ठेवतो, काय उकरतो ते मी बघत बसणार नाही."

"आत पिलं आहेत, रसेल. भर उन्हाळा आहे."

"मासे आहेत ते. पोहत खाली जातील."

एल्डननं ओढ्याच्या खालच्या अंगाला बघितलं. बांध सोडले तर तिथं पोटरीभरसुद्धा पाणी नव्हतं.

त्यानं खात्यातल्या बाईंना फोन केला. त्या हळहळल्या, जमीन स्ट्राउड कुटुंबाची, पाण्याचा हक्क त्यांचा, आणि म्हातारीनं काहीच लिहून दिलं नव्हतं, असं म्हणाल्या. मग तो दवाखान्यात गेला. अंगावरचा स्वच्छ सदरा नोरीननं इस्त्री करून दिला होता.

थेल्मा खाटेवर एका कुशीला ठेवलेली होती. अर्धा चेहरा घसरलेला. टोपी नव्हती, आणि टोपीशिवाय ती इतकी लहान दिसत होती की एल्डनला आधी वाटलं आपण चुकीच्या खोलीत आलो. तिनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"एम्स," ती म्हणाली. एम्स तिच्या नवऱ्याचा गडी होता, मरून कितीतरी वर्षं झालेला. "पाटाचं दार पाडलंस?"

"नाही अजून, मॅडम."

"मग इथं काय तोंड बघतोयस? जा ना!"

दारात रसेल उभा होता, हातात कागदी पेल्यात कॉफी. एल्डननं त्याच्याकडे बघितलं. ऐकलंस ना, असं त्याला म्हणायचं होतं.

"सगळ्यांना हेच सांगते," रसेल हळू आवाजात म्हणाला. "काल नर्सला म्हणाली. परवा पाद्र्याला. तिच्या डोक्यात काय चाललंय देवाला माहीत." मग जरा थांबून, "आल्याबद्दल आभार," म्हणाला, जसं काही एल्डन नुसता भेटायलाच आला होता.

घरी आल्यावर नोरीननं त्याचं सगळं ऐकून घेतलं. ती टेबलाशी बसून बटाटे सोलत होती.

"मोडायला मी येणार नाही," ती म्हणाली. "माझी बोटं बघ. वाळुंजाच्या सालीनं चिरलेली अजून भरलेली नाहीत. मी विणलंय ते. आणि आता त्याच हातानं उसवू?"

"आपण नाही मोडला तर यंत्र येईल. झराच दाबून टाकेल ते. मग खालचंही गेलं."

"मग येऊ दे यंत्र! त्याच्या हातून होऊ दे. पाप त्याच्या माथी जाऊ दे."

"माशांना काय फरक पडतो कुणाच्या माथी गेलं त्याचा?"

नोरीननं बटाटा पाण्यात टाकला. दुसरा सोलायला घेतला. पण शुक्रवारी पहाटे एल्डन गाडीत बसला तेव्हा मागं झाकणाच्या बादल्या, जाळ्या आणि बर्फाची पेटी आधीच ठेवलेली होती, आणि नोरीन पुढच्या सीटवर छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवून बसली होती. ती खिडकीबाहेर बघत होती.

पश्चिमेकडच्या डोंगरात वणवा लागला होता. सूर्य तांब्याच्या थाळीसारखा उगवला आणि धुरातच लोंबकळत राहिला. घशात राखेची चव होती. त्यांनी बांध वरून सोडवायला घेतला, एकेक फांदी, म्हणजे पाणी एकदम सुटू नये. पाणी बोटाबोटानं उतरायचं, की नोरीन जाळी टाकायची. जाळीत पिलं चांदीच्या किसासारखी वळवळायची. ती बादलीत सोडायची, बर्फाचा खडा टाकायचा, आणि बादली उचलून दगडांवरून खाली झऱ्यापाशी न्यायची. घाई केली तर पाणी हिंदकळतं, पिलं भिंतीवर आपटतात. सावकाश गेलं तर पाणी तापतं. नोरीन ना धावत होती ना चालत होती. कडेवर पोर घेतलेली बाई चढ उतरावी तशी गुडघे वाकवून उतरत होती. दुपारपर्यंत तिच्या पिंडऱ्या थरथरायला लागल्या.

एल्डन खुंट उपटत होता. ठोकताना जितकी ताकद लागली त्याहून उपटताना जास्त लागत होती. खुंट मिठीत धरायचा, मागंपुढं हलवायचा, आणि जमिनीनं धरलेला घास सोडला की ओढायचा. चौथ्या की पाचव्या खुंटाला त्याच्या खांद्यात काहीतरी 'कट्' असं झालं. त्याला डोळ्यांपुढं पांढरं दिसलं. तो पाण्यात गुडघ्यावर बसला आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं?" नोरीन काठावरून ओरडली.

"काही नाही. पाय घसरला."

उरलेले खुंट त्यानं डाव्या हातानं काढले. रसेल एकदा येऊन काठावर उभा राहून गेला. फळकुटासारखा उभा राहिला आणि गेला.

शेवटी मधला खुंट निघाला आणि उरलेलं पाणी आवाज करत एकदम गेलं. मग सगळं शांत झालं. मागं काळा चिखल उरला, आणि त्या चिखलात जाळीतून सुटलेली पिलं पटपट उडत होती. नोरीन हातापायांवर रांगत त्यात शिरली. हातानं उचलायला लागली. मुठीत चिखल येत होता, चिखलात कधी पिलू असायचं, कधी नसायचं. तिच्या केसांत, दातांत चिखल गेला. एल्डन एका हातानं बादली धरून तिच्यामागं गुडघ्यावर सरकत होता. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती.

पुढच्या आठवड्यात ऊन आणखी चढलं. पाटाचं दार उघडंच होतं आणि आता वरून सावकाश झिरपणारं पाणीही नव्हतं. मधला बांध आटला. खाली झऱ्यापाशी आधीची आणि आणलेली पिलं एका डबक्यात कोंबली गेली. नोरीननं पाण्यात हात घातला आणि लगेच काढला. "न्हायचं पाणी झालंय," ती म्हणाली. पिलं पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडी टाकत होती. एल्डननं फांद्या कापून वर सावली केली. दुसऱ्या दिवशी त्या सावलीत पांढरी पोटं तरंगत होती. एक बगळा सगळा दिवस तिथंच उभा राहिला; त्याला मान खाली करायचेही कष्ट पडत नव्हते. झऱ्याचं तोंड जिथं दगडातून निघत होतं तिथं हातभर जागा थंड होती. तेवढ्यात मावली तेवढी पिलं उरली.

"ही तिसऱ्या वर्षी परत यायची होती," नोरीन म्हणाली. "अंडी घालायला. म्हणजे त्या वर्षी कुणी येणार नाही. आणि पुढं त्यांची पिलंही येणार नाहीत."

"ही हातभर जागेतली आहेत की."

"हो. हातभर जागेतली."

काम संपलं म्हणून एल्डन किल्ली परत द्यायला गेला तेव्हा रसेलनं ती दारातच घेतली. दुसऱ्या दिवशी फाटकाला नवं कुलूप होतं.

ऑक्टोबरात थेल्मा गेली. नोरीननं सफरचंदाचं सारण भरलेली पेस्ट्री भाजून नेली आणि दोघं चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली. बाहेर पडताना रसेलनं ओळीत सगळ्यांशी हात मिळवला. एल्डनचा उजवा हात छातीच्या वर उचलत नव्हता, म्हणून त्यानं डावा पुढं केला. रसेल जरा गोंधळला, मग त्यानं तोच धरला.

नोव्हेंबर लागला आणि एकदाचा पाऊस आला. तीन दिवस संततधार. नदी गढूळ होऊन फुगली, नाले बोलायला लागले. वेसनं फोन केला, म्हणाला, पुलाखाली मोठे सॅमन दिसलेत, वर निघालेत.

"चल," नोरीन म्हणाली.

"फाटकाला कुलूप आहे."

"कुंपणाला पायऱ्या घालायच्या का तुझ्यासाठी? तार वाकव."

दोघं तारांमधून वाकून आत गेली. एल्डनचा कोट काट्याला अडकून फाटला. ओल्या गवतातून भरदुपारी, दोन पोक्त माणसं चोरासारखी ओढ्याच्या कडेनं वर चढत गेली. आणि वरच्या बांधाच्या जागी, जिथं तळं रिकामं होऊन चिखल उरला होता, तिथं नव्या पाण्यानं चिखल धुऊन नेला होता. खाली स्वच्छ बारीक खडी उघडी पडली होती. त्या खडीवर सॅमनची मादी होती. हातभर लांब, शेपटीचा पंख झिजून पांढरा झालेला. ती कुशीवर व्हायची, अंड्यांसाठी शेपटीनं खडी उडवायची, सरळ व्हायची, थोडं मागं सरकून खड्ड्यावर थांबायची. मागं लालभडक नर, नाक आकड्यासारखं वळलेलं.

नोरीननं एल्डनची बाही घट्ट धरली.

"नेमकं इथंच," ती पुटपुटली. "अगं बाई, नेमकं इथंच कशाला? उन्हाळ्यात इथं काही उरणार नाही गं."

मागं ओल्या गवतात पावलं वाजली. रसेल होता. एल्डन उभा राहिला आणि निघायच्या तयारीनं टोपी सारखी केली.

"आम्ही निघालोच. तार मी नीट करतो."

रसेल त्याच्याकडे बघत नव्हता. तो पाण्याकडे बघत होता. मादीनं पुन्हा कूस घेतली आणि खडी उडाली.

"हेच का ते?" तो म्हणाला. "आई सांगायची, तिच्या लग्नाच्या वेळी असे कुत्र्याएवढे मासे अंगणापर्यंत यायचे. मला वाटायचं, म्हातारी काहीही सांगते."

पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला.

"जमीन विकली मी," रसेल म्हणाला. "जानेवारीत नवे लोक येतील. कोण कसले, मला ठाऊक नाही. एकदाच बघून गेले. घोडे ठेवायचेत म्हणाले." त्यानं नाक पुसलं. "तुझे खुंट कोठारात आहेत. जाळले नाहीत."

"हं."

"परत घालायचे तर किती दिवस लागतील?"

एल्डननं ओढ्याकडे बघितलं. "इथं नाही घालता येणार आता. इथं पायही टाकता येणार नाही, अंडी आहेत. खाली, वळणाच्या पुढं घालावे लागतील."

"मग खाली घाल. जानेवारीपर्यंत फाटक उघडं ठेवतो. पाटाचं दार मी सकाळी पाडलंय." तो चुकलं म्हणाला नाही. जाता जाता वळून म्हणाला, "पुढचं मात्र माझ्या हातात नाही," आणि टोपीवरचं पाणी झटकत घराकडे गेला.

नोरीन बराच वेळ तो गेला त्या दिशेनं बघत राहिली. "घोडेवाले," ती म्हणाली. "घोड्यांना हिरवं गवत लागतं. पहिल्याच उन्हाळ्यात पाट उघडतील."

"उघडतील."

"आणि ओल चढली की बांध काढायला लावतील."

"लावतीलही."

"मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोठारातून खुंट काढले आणि वळणाच्या खाली पाण्यात उतरले. पाणी इतकं गार होतं की रबरातूनही हाडांना कळत होतं. वाळुंजाची पानं गळून गेली होती, फांद्या नुसत्या पिवळ्या काठ्या. एल्डननं पहिला खुंट उभा केला, नळा त्यावर चढवला आणि उचलायला गेला. उजवा हात छातीपाशी येऊन अडला. त्यानं दात आवळले, पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच. तो खुंटाला टेकून उभा राहिला आणि त्याचा श्वास धुरासारखा तोंडातून निघत राहिला.

"सरक," नोरीन म्हणाली.

"तुला नाही झेपायचं. भारी आहे."

"मला एकटीला नाहीच झेपायचं. सरक तिकडं. डाव्या हातानं धर."

ती पाण्यातून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. एक मूठ त्यानं धरली, एक तिनं. दोघांच्या मधे खुंट. त्यांनी नळा उचलला, वाकडातिकडा, आणि सोडला. खुंट हलला, पण फारसा गेला नाही. नोरीननं पायाखालचे दगड चाचपून जागा धरली.

"अजून जायला हवा," ती म्हणाली.

त्यांनी नळा परत उचलला.